थेंबाभोवतीची साय

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते माझे धाकटे मामा. ते पालीला राहतात आणि दुसऱ्यांच्या रानात पाठीवर पंप घेऊन औषध फवारतात. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे प्रयोगशाळा येईल, सूक्ष्मदर्शक येईल, रसायनांच्या गोष्टी येतील. त्या सगळ्याच्या मागे मामा आहेत.

माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळीचा ट्रक यायचा. भांडी, पत्रे, कोंबड्या आणि माणसं त्यात चढायची आणि उन्हाळ्यापर्यंत गाव अर्धं रिकामं व्हायचं. मी शाळेत जायला लागलो त्या वर्षी वडिलांनी मलाही ट्रकमध्ये बसवलं होतं. ट्रक मांजरसुंब्याच्या चौकात चहासाठी थांबला. तिथं मामा आमची वाट बघत उभे होते. ते वडिलांना म्हणाले, "दाजी, पोराला कोयता दावू नगा. ह्यो माझ्याकडं ऱ्हाईल."

आईने माझी पिशवी खाली दिली. मी रडलो नाही, असं मामा सांगतात. मला आठवतो तो मामांच्या शर्टाचा वास. तिखट, रॉकेलसारखा, नाकात बसणारा. तो फवारणीच्या औषधाचा वास होता. पुढे कितीतरी वर्षं मला तोच घराचा वास वाटायचा.

मामांना स्वतःचं रान थोडं. पण फवारणीला त्यांच्यासारखा माणूस आसपास नव्हता. कापूस असो, सीताफळाची बाग असो, लोक मामांनाच बोलवायचे. याला एक कारण होतं. मामा औषध पारखून मगच पंपात घालायचे. बाटली उघडली की टोपणातला एक थेंब डाव्या हाताच्या पाठीवर टाकून बोटाने चोळायचे आणि मग कामाला लागायचे. भाकरी खाऊन होईपर्यंत तिथं चुणचुण सुटली तर औषध खरं. नाही सुटली तर दुकानदाराने गंडवलं. रानाचा मालक बांधावर बसून विचारायचा, "चावलं का?" मामा म्हणायचे, "चावलं," आणि मालक निश्चिंत होऊन घरी जायचा. आमच्याकडे सगळे फवारणारे असंच करत. पण मामांच्या हातावर लोकांचा विश्वास जास्त होता.

संध्याकाळी त्यांचं तोंड आणि मान लाल झालेली असायची. मामी खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसायची. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक व्हायचं. ही चुणचुण तात्पुरती असते हे मी पुढे पुस्तकात वाचलं. मामांना ते पुस्तकाशिवाय माहीत होतं, म्हणून ते तिला घाबरत नसत.

बीडला औषधं आणायला मामा मला कधी कधी बरोबर न्यायचे. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार पावतीपुस्तकावर लिहायचा. वरचा कागद पांढरा, खालचा गुलाबी. मध्ये कार्बन नसायचा, तरी वर लिहिलेलं खाली निळं उमटायचं. एकदा दुकानदाराची पाठ वळली तेव्हा मी गुलाबी कागदावर नखाने रेघ ओढली. काही झालं नाही. मग वरचा कागद त्यावर नीट ठेवून पुन्हा नख ओढलं, तर खाली निळी रेघ. दुकानदार ओरडला. मामांनी मला टपली मारली नाही. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कसं झालं रं ते?" मला सांगता आलं नाही. "शिकशील तवा सांग," ते म्हणाले.

ते मी रसायनशास्त्र शिकायला बीडच्या कॉलेजात गेलो तेव्हा शिकलो. आमच्या सरांनी एकदा तसलीच पावती वर्गात आणली. वरच्या कागदाच्या पाठीला डोळ्यांना न दिसणाऱ्या फुग्यांचा थर असतो, त्या फुग्यांत रंगहीन शाई भरलेली असते, असं ते म्हणाले. पेनाच्या दाबाने फुगे फुटतात, शाई खालच्या कागदावर जाते, तिथल्या मातीसारख्या लेपाशी तिची गाठ पडते आणि निळा रंग येतो. हे फुगे जिलेटीन आणि डिंक वापरून करतात. दोन्ही पाण्यात विरघळलेले असतात. पाणी किंचित आंबट केलं की ते पाणी सोडून एकमेकांना धरतात आणि पाण्यात तरंगणाऱ्या शाईच्या प्रत्येक थेंबाभोवती जाऊन बसतात. मग गार केलं की ते आवरण घट्ट होतं. सर म्हणाले, याला सूक्ष्मवेष्टन म्हणतात. त्या रविवारी मी पालीला जाऊन मामांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी सीताफळ. हरेक बी आपापल्या गरात." ते सरांपेक्षा सोपं होतं.

वसतिगृहात असताना मामा मला पत्र लिहायला लावायचे. मोबाईल आला होता, पण फोनवर मामा नुसतं "हां, हां" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. त्यांचं म्हणणं, फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, कागद पुन्हा बघता येतो. मामा सातवी शिकलेले. ते अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत वाचतात. माझी सगळी पत्रं त्यांनी अशी वाचली.

पुढे मला संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत एका कीटकनाशकांच्या कारखान्यात नोकरी लागली. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. प्रयोगशाळेत माझं टेबल खिडकीजवळ आहे. माझं काम वेष्टनाचं.

ते काम कसं चालतं ते सांगतो. कीटकनाशक आधी तेलकट द्रवात विरघळवलेलं असतं. त्या तेलात एक रसायन मिसळतात. पाणी वेगळं ठेवलेलं असतं. तेल पाण्यात ओतून यंत्राने जोरात घुसळलं की त्याचे बारीक थेंब होतात, एका केसाच्या जाडीत कितीतरी मावतील इतके बारीक. मग पाण्यात दुसरं रसायन घालतात. पहिलं तेलात, दुसरं पाण्यात, त्यामुळे त्यांची गाठ पडते ती थेंबाच्या कडेवरच. जिथं गाठ पडते तिथं पातळ कातडी धरते, दुधावर साय धरावी तशी. एकदा ती धरली की दोघांची वाट तीच अडवते, म्हणून ती फार जाड होत नाही. घुसळण वाढवली की थेंब लहान होतात. आवरण जास्त जाड झालं तर औषध आत अडकून बसतं आणि अळीला काही होत नाही. जास्त पातळ झालं तर बाटलीतच पाझरतं. मधलं बरोबर साधायचं, एवढंच सगळं कौशल्य. तयार झालेलं औषध दुधासारखं दिसतं आणि त्याला जवळजवळ वास नसतो.

प्रत्येक घाण्यातला, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालातला, नमुना माझ्याकडे येतो. मी तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. गोल, एकसारखे, आपापले थेंब. मग दुसरा भाग एका द्रावकाने हलकेच धुतो. आवरणाबाहेर जे तेल राहिलं असेल ते त्यात उतरतं आणि ते किती आहे ते मोजतो. ते कमी असेल तर घाणा पास. कारण आवरणाबाहेरचं औषध माणसाच्या कातडीला लागतं. आतलं सहसा लागत नाही. पानावर फवारा वाळला, अळी त्यावरून चालली किंवा तिने ते पान कुरतडलं की आवरण फुटतं. काही औषध आवरणातून हळूहळू झिरपत राहतं, म्हणून त्याचा असर पुष्कळ दिवस टिकतो.

हीच युक्ती किती ठिकाणी आहे हे आता दिसतं. कपडे धुतल्यावर शेवटच्या पाण्यात घालायचं ते सुगंधी द्रव्य. शर्ट अंगात घातला, बाही घासली की वास सुटतो, तो फुग्यांतला. लहान पोरांच्या औषधाचा कडूपणा झाकणारं आवरण. मिठात घातलेलं लोह, ज्याने मिठाचा रंग बदलू नये. सरबताच्या पावडरीतला संत्र्याचा स्वाद तर वेगळ्याच रीतीने कोंडतात, दुधाची पावडर करतात तसा गरम हवेत फवारून. बाजारात गेलो की मी उगाच पाकिटं उलटून वाचत बसतो. बायको हसते.

गेली दोन वर्षं मामांचं एकच गाऱ्हाणं होतं. बीडच्या बाजारात भेसळ फार वाढली. पालीला गेलो की ते सांगायचे, हल्ली एकही बाटली चावत नाही. त्यांनी दुकान बदललं. मग तेही बदललं. जुन्या दुकानदाराला, तोच तो पावतीपुस्तकवाला, चार माणसांत चोर म्हणाले. तिथं त्यांची वर्षानुवर्षांची ये-जा होती, ती बंद झाली. औषध कच्चं आहे म्हणून ते पंपाला एक टोपण जास्त घालायला लागले. मी सांगायचो, मामा, लेबलवर लिहिलंय तेवढंच घाला. ते म्हणायचे, "लेबल खऱ्या औषधाचं असतंय."

मला त्यांचं म्हणणं खरं वाटलं होतं. भेसळ होतेच. मी ठरवलं की आमचं नवं औषध त्यांना न्यायचं. दोन कामं होतील. माल खरा मिळेल आणि तोंडाची, मानेची आग थांबेल. आयुष्यभर ज्यांच्या अंगाला वास येत होता त्यांच्यासाठी मी बिनवासाचं औषध बनवलं, असा काहीसा अभिमानही मला होता.

दसऱ्याच्या आधी मी बाटली घेऊन पालीला गेलो. धरणाच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या कापसावर मामांचं काम चाललं होतं. बोंडअळी होती. मालक बांधावरच्या कडुलिंबाखाली बसला होता. तो मामांचा लहानपणचा दोस्त. मी बाटली उघडून बादलीतल्या पाण्यात थोडं ओतून दाखवलं. मालकाने वाकून बघितलं, वास घेतला आणि मामांना म्हणाला, "का बे, भाच्यानं दूध आणलं व्हय?"

"दूधच हाय," मामा म्हणाले. "आता तुज्या अळ्या बाळसं धरत्यान."

"मला वास पायजे बाबा. बांधावर वास आला न्हाई तर म्या कसं समजू, तू औषध मारलं का आंघूळ केली?"

मामा हसले. पण ते मला बाजूला घेऊन म्हणाले की तो बोलतो ते सगळेच बोलतात. वास आला नाही तर लोक म्हणतील पाणी मारलं. मी त्यांना समजावलं. थेंबाभोवतीच्या सायीचं सांगितलं, वास का येत नाही आणि कातडीला का लागत नाही तेही सांगितलं. ते म्हणाले, लागत नाही तर मग खरं-खोटं ओळखायचं कसं? मी म्हटलं, मामा, आपण दोघं मिळून बघू. दुकानातलं औषध डाव्या हातावर, माझं उजव्या हातावर. दुकानातलं भेसळीचं आहे असं तुम्ही म्हणताच. माझं चावणार नाही हे मीच सांगतो. प्रयोगशाळेत असं काही केलं असतं तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. पण रानात मामांसमोर मला ते साधं वाटलं.

दोघांनी चोळलं. मामा पुन्हा पंप घेऊन कापसात शिरले. मी बांधावर बसलो. मालक जनावरांना पाणी पाजायला निघून गेला.

दुपारी मामीने भाकरी आणि पिठलं आणलं. आम्ही तळहात धुऊन लिंबाखाली जेवायला बसलो. जेवण अर्धं झालं असेल, माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर चुणचुण सुरू झाली. मिरची कुटल्यावर होतं तसं. आधी बारीक, मग जोर धरत गेली. दुकानातलं औषध खरं होतं. मला तेवढंच कळलं, पुढचं लगेच कळलं नाही. आपला अंदाज चुकला असं वाटलं आणि मी जेवत राहिलो.

मामांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "उजवा गप्प हाय," ते म्हणाले. "खरं सांगितलंस. तुजं चावत न्हाई."

मी विचारलं, डावा?

"डावाबी गप्प. म्हणलं नव्हतं का, समदी भेसळ."

तेव्हा मला कळलं. आपलं काही चेहऱ्यावर दिसू नये असा प्रयत्न करत होतो. पण हात माझ्या नकळत पँटवर घासत होता, आणि मामांचं तिकडे लक्ष गेलं.

"कावून चोळायलास?"

"काही नाही."

"चुनचुन व्हायलीय?"

"हो."

"कंच्या हाताला?"

मी डावा हात पुढे केला. मामांनी तो आपल्या हातात घेतला, उलटा करून बघितला. त्यांच्या बोटांच्या आतल्या बाजूला मला लहान लहान जुने डाग दिसले. मग त्यांनी स्वतःचा डावा हात माझ्या हाताशेजारी धरला. मामी भांडी गोळा करायची थांबली होती.

"म्हंजी औषध खरं हाय," मामा म्हणाले.

ते उठले. पंपात पाणी भरलं. माझी बाटली त्यांनी लिंबाच्या बुंध्याशी सावलीत नीट ठेवली, आणि पंपात दुकानातलंच घातलं. मालकाला वास लागतो, एवढंच म्हणाले. जास्तीचं टोपण मात्र घातलं नाही. मी बांधावर बसून बघत होतो. कापसाची एक ओळ संपली की ते वळायचे, दुसऱ्या ओळीला लागायचे. वास माझ्यापर्यंत येत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला काहीच वाटत नव्हतं. माझा हात तेवढा चुणचुणत होता.

घरी आल्यावर मामीने बाकीचं सांगितलं. शर्टाची बटणं तीच लावून देते. बिडी बोटांपर्यंत जळत येते तरी त्यांना कळत नाही, वास आला की तीच ओरडते. बोटांवरचे डाग त्याचे. तिला वाटलं वय झालं. त्यांनाही तेच वाटलं. तोंड-मान लाल व्हायची, म्हणजे औषध खरंच होतं, तरी हाताचं आणि औषधाचं कुणीच जोडून बघितलं नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बीडला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मामांना डोळे मिटायला लावून सुईचं टोक हातावर टेकवलं आणि कुठं टेकवलं ते विचारलं. मामांनी मनगटापर्यंत एकही जागा बरोबर सांगितली नाही. मनगटाच्या वर सगळ्या सांगितल्या. रक्त तपासलं. साखर ठीक होती. डॉक्टर म्हणाले की नसा बधिर झाल्या आहेत. याची कारणं पुष्कळ असतात. इतकी वर्षं निरनिराळी औषधं उघड्या हातांनी हाताळली, त्याने झालं असेल, पण अमुक एकाच औषधाने झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. फवारणी थांबवली तर पुढे वाढणार नाही, अशी आशा. गेलेलं परत येईल का, तर थोडं येईल, कदाचित येणारही नाही. मामांनी एकच विचारलं, पंप उचलता येईल का. डॉक्टर म्हणाले, उचलता येईल, पण उचलू नका.

तिथून मामा सरळ जुन्या कृषी सेवा केंद्रात गेले. मी मागोमाग. दुकानदाराचे केस पिकले होते. मामांना बघून तो उठून उभा राहिला, भांडायच्या तयारीने असावा. मामा म्हणाले, "तुमचं औषध खरं हाय. माजाच हात गेलाय. चार माणसांत बोललो, चार माणसांत सांगून जातो." दुकानात तेव्हा दोनच गिऱ्हाइकं होती. त्यांनी ऐकलं.

दुकानदाराने त्यांना बसायला स्टूल दिलं. चहा मागवला. मामांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला, आणि तो किती गरम आहे ते ओठाला लावून बघितलं. माझी नजर काउंटरवर गेली. पावतीपुस्तक आता नव्हतं. बिल छोट्या यंत्रातून निघत होतं, एकच कागद, खाली दुसरा नाही.

एसटी स्टँडवर आम्ही वेगवेगळ्या गाड्यांची वाट बघत बाकावर बसलो होतो. माझी संभाजीनगरची गाडी आधी लागली. मी पिशवी उचलली तेव्हा मामा म्हणाले, "आता म्या औषध वळकायचं कसं?"

डॉक्टरांना पंपाचं विचारलं आणि दुकानात बोलले तेवढं सोडलं, तर तोवर ते हाताबद्दल एक शब्द बोलले नव्हते. दुखतं का, बरं होईल का, काही नाही. मला विचारलेला हा एकच प्रश्न. फवारणारे पुष्कळ आहेत, पंप कुणालाही उचलता येतो. मामांना लोक बोलवायचे ते त्यांच्या पारखण्यासाठी. ते गेलं तर मामा म्हणजे पाठीवर पंप घेतलेला एक म्हातारा होत चाललेला माणूस. मला हे समजत होतं. कंडक्टरने घंटी दिली. मी गाडीत चढलो.

कामावर परत आल्यावर सगळं पहिल्यासारखं चाललं. नमुने येत होते. मी ते काचेवर घेऊन बघत होतो. गोल, एकसारखे, आपापल्या सायीत बंद. एकही फुटलेला नसला की मी तशी नोंद करून पुढचा घेत होतो. जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाला, अलीकडे तू बोलत नाहीस. मी म्हटलं, तसं काही नाही. खरंच तसं काही नव्हतं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. हात चुणचुणायचा थांबला होता, दुसऱ्याच दिवशी.

मग मामीचा फोन आला. मामांनी पंप धुऊन पडवीत टांगून ठेवला होता, तो त्यांनी खाली काढलाय. सीताफळाच्या बागेवरचं काम घेतलंय. हात जळालेला त्यांना कळत नाही, औषध सांडलेलं तरी कसं कळणार, असं ती म्हणाली. तू सांगून बघ. मी मामांना फोन द्यायला सांगितलं. मामा "हां, हां" म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी मी कागद घेतला. मी पाठवलेलं पत्र असं होतं:

ती. मामा,

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. अक्षर मोठं काढलं आहे.

तुम्ही स्टँडवर विचारलं होतं, आता औषध ओळखायचं कसं. तेव्हा गाडी लागली म्हणून उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे गाडी उभी असती तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता विचार करून लिहितो.

हाताने ओळखायचं नाही. कुणीच नाही. ज्याचा हात शाबूत आहे त्यानेही नाही. चावणारं तेच खरं हा हिशेब मी बनवतो त्या औषधाला लागू पडत नाही, आणि पुढे अशीच औषधं जास्त येतील. डोळ्याने ओळखता येतं. बाटलीचं सील बघायचं. लेबलवरची मुदत बघायची. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन थोडं औषध टाकायचं आणि हलवून ठेवायचं. दुकानातलं औषध असेल तर ते दुधाळ होऊन एकसारखं राहिलं पाहिजे, वर तेल तरंगलं किंवा खाली गाळ बसला तर संशय घ्यायचा. आमचं असेल तर बाटली आधी चांगली हलवायची, कारण थेंब खाली बसतात. त्यात रॉकेल किंवा दुसरं औषध मनाने मिसळायचं नाही, नाहीतर साय फुटते आणि सगळी मेहनत वाया जाते. एवढं करूनही शंका राहिली तर बाटली माझ्याकडे पाठवा. मी तपासून कळवतो. पालीत हे कुणाला येत नाही. तुम्ही दोन वेळा केलं की तुम्हाला येईल, आणि लोक बाटल्या घेऊन तुमच्याकडेच येतील. पारखायचं काम तुमचंच राहील.

पण पारखायचं तुम्ही आणि फवारायचं दुसऱ्याने. बागवाल्याला मी फोन केला आहे. त्याला फवारायला दुसरा माणूस मिळाला आहे, आणि त्या माणसाने हातमोजे घालावेत हे तुम्ही तिथं उभं राहून सांगायचं आहे, असं मी बागवाल्याला म्हटलं. तो हो म्हणाला. घरखर्चाचा विषय पत्रात नको. तो माझ्याकडे आहे.

मामीला विचारलं तर ती म्हणते, तुम्ही ऐकणार नाही. मांजरसुंब्याच्या चौकात तुम्ही मला ट्रकमधून उतरवून घेतलं तेव्हा मला विचारलं नव्हतं. वडिलांनाही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. म्हणून मीही विचारत नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. पंप घेऊन जाणार आहे. धुऊन ठेवा, पण मामीला हातमोजे घालून धुवायला सांगा, तुम्ही हात लावू नका.

तुमचा भाचा